पटिंगचा टच आणि घरातली चटई

मंडळी, विजय हजारेंच्या या सांगलीत ‘सॉफ्ट हँड्स’, म्हणजे हलके हात, काय असतात हे मी सांगायला नको. गोल्फमधल्या पटिंगला, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर (ग्रीनवर) चेंडू होलकडे घरंगळवण्याला, तेच लागतात. पण पटिंगची साधनं म्हणून बाजारात जे मिळतं ते बहुतेक दिशेसाठीच असतं: आरसा, रूळ, लेझर, चेंडूवरची रेघ. दिशा हवीच. दहा फुटांवरून चेंडू एक अंश चुकीचा सुटला तर होलपाशी साधारण ५.३ सेंटिमीटर बाजूला जातो, आणि होलची त्रिज्या ५.४ आहे. म्हणजे अंशभराची चूक कडेला का होईना, पण खपू शकते. वेगाचं तसं नाही. सपाट ग्रीनवर वेग १० टक्के जास्त झाला की अंतर २१ टक्क्यांनी वाढतं. तीस फुटांचा पट (पटिंगचा फटका) सहा फूट पुढे जातो, आणि थ्री-पट, म्हणजे एका होलला तीन पट, इथेच होतात.

सरावाचा क्रम सांगायला मी आलोय, पण आधी त्या चटईबद्दल बोलू द्या. तीच ती, शेवटी चढ, चढावर भोक आणि चेंडू परत आणणारी पन्हळ. पुण्याला येरवड्यात खेळायला जाणाऱ्या अनेकांच्या घरी ती गादीखाली गुंडाळून ठेवलेली असते. तिचा चढ ५ सेंटिमीटर उंच धरा. तेवढं चढायला लागणारा जास्तीचा जोर, स्टिंप (ग्रीनच्या वेगाचं माप) १० असलेल्या सपाट ग्रीनवर चेंडूला सुमारे ६५ सेंटिमीटर पुढे नेतो. म्हणजे ही चटई हाताला रोज दोन फूट जादा मारायला शिकवते, वर चेंडू आत पडला की शाबासकीही देते! भोकामागे आडवी फळी असली तर विचारूच नका, धाडकन मारलेलाही आत जातो. खऱ्या होलवर चेंडू अगदी मधोमध आला तरी वेग सेकंदाला १.६ मीटरच्या वर असेल तर तो पलीकडे उडतो. कडेने आला तर त्याहून बऱ्याच कमी वेगातही ओठावरून गरकन फिरून बाहेर येतो. कॅरममध्ये जोरात मारलेली सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी आपटून परत येते ना, तसंच.

चढाचा भाग सुटा असेल तर काढून ठेवा, चटई कामाची आहे. फक्त तिची लव बघा. हात फिरवून जिकडे ती झोपते तिकडे चेंडू जास्त पळतो. ग्रीनवरच्या बर्म्युडा गवतातही ग्रेन, म्हणजे पात्यांचा कल, असते, चकाकी दिसते त्या दिशेला ग्रीन वेगवान.

सगळाच चढ वाईट असं मात्र नाही. वरच्या बाजूला हळूहळू उभा होत जाणारा वक्र रॅम्प मिळतो, तो नीट बनवलेला असेल तर होल चुकला असता तर चेंडू जितका पुढे गेला असता साधारण तितकाच तो परत येतो. पैसे घालायचे तर यात घाला.

पाचच मिनिटं राहिलीत म्हणतायत, तेव्हा क्रम भराभर सांगतो.

आधी चटईचा वेग मोजा. एडवर्ड स्टिंप्सनने १९३५ मध्ये काढलेली युक्ती आहे ही: खाच असलेली लांब पट्टी घ्यायची, खाचेत चेंडू ठेवून ती हळूहळू उचलायची, साधारण २० अंशांवर चेंडू सुटतो. तीन चेंडू इकडून, तीन तिकडून, मग ते किती लांब गेले त्याची सरासरी. हार्डवेअरच्या दुकानातलं अ‍ॅल्युमिनियमचं अँगल चालतं, पण मूळ पट्टीची खाच १४५ अंशांची असते, तेव्हा आपला आकडा फक्त तुलनेला.

मग होल काढून टाका. दोरी आडवी ठेवा, तिच्यामागे दीड फुटावर टॉवेल. चेंडू या दोन्हींच्या मधे थांबला पाहिजे. अंतर प्रत्येक चेंडूला बदला: दहा, वीस, पंधरा फूट. सारखं एकाच अंतरावरून मारलं तर हात ते अंतर पाठ करतो, वेग शिकत नाही. मारल्यावर मान वर करण्याआधी ‘कमी’ की ‘जास्त’ ते मोठ्याने बोला, मगच बघा. सगळ्यात जास्त फायदा यातच आहे.

मेट्रोनोम ७५ च्या आसपास लावा. एका ठोक्याला पटर (पटिंगची काठी) मागे, दुसऱ्याला चेंडूवर. लांब पटला मागचा झोका वाढवायचा, ठोका तोच.

आणि फेरीत यातलं काही काढू नका, गोल्फच्या नियम ४.३ खाली दंड बसतो. पट्टी आणि वक्र रॅम्प इथे टेबलावर आहेत, ज्यांना मारून बघायचंय त्यांनी सतरंजीच्या उजव्या बाजूने या, डावीकडे फरशीला उतार आहे.