उरुशी, चपडा आणि घडीचा पंखा

नमस्कार, श्रोतेहो. घडीचा पंखा मूळचा जपानचा. तिथून तो चीनमध्ये गेला आणि १६व्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून युरोपात पोचला. त्याची रचना युरोपीय कारागिरांनी चांगलीच उचलली; लंडनमध्ये १७०९ साली पंखे करणाऱ्यांच्या संघाला राजसनदही मिळाली. अडलं ते पूर्वेकडच्या वस्तूंवरच्या काळ्याभोर, चकचकीत लेपापाशी.

तो लेप उरुशीचा, म्हणजे एका झाडाच्या चिकाचा. हा चीक नुसता वाळत नाही, तो दमट हवेत घट्ट होतो. साधारण ७० ते ८५ टक्के आर्द्रता लागते, म्हणून लेप दिलेली वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. थर जाड झाला तर वरची साय आधी धरते, आतला चीक ओलाच राहतो आणि सुरकुत्या पडतात. कच्चा चीक अंगाला लागला तर पुरळ उठतं. युरोपात ते झाड नव्हतं, आणि लांबच्या प्रवासात चीक टिकत नसे.

मग हाताशी आली ती आपल्याकडची लाख. चपडा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, गाळायचा, पातळ हात द्यायचे, आधीचा हात वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. इंग्लंडमध्ये स्टॉकर आणि पार्कर या दोघांनी १६८८ मध्ये या कामावर पुस्तकच छापलं. पण उरुशीला जी ओल हवी, तीच चपड्याला मारक. स्पिरिट उडताना लेप गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि तो दुधी होतो. भर पावसात दाराला पॉलिश करायला आपले सुतार का नाखूश असतात, ते यावरून कळेल.

पंख्यात अडचण आणखी वाढते. कागद नसलेला, नुसत्या हस्तिदंती पात्यांचा पंखा घ्या: खाली रिवेट, वर रेशमी फीत, पात्यांवर चित्र आणि त्यावर व्हार्निश. समजा २४ पाती आहेत आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरचा दहावा भाग लेप बसला. मिटलेला पंखा जवळजवळ ५ मिलिमीटरने फुगतो. रिवेटवर ताण येतो, पाती एकमेकांना चिकटतात, उघडताना चित्राचे पोपडे निघतात. खरं कसब या पातळपणात आहे. विक्रेते अशा पंख्यांना सर्रास मार्टिन बंधूंचं, म्हणजे १८व्या शतकातल्या पॅरिसच्या नामांकित व्हार्निश कारागिरांचं, नाव देतात. त्यावर भरवसा ठेवू नये.

असा पंखा हाती आला तर स्पिरिटचा बोळा अजिबात लावू नका. लेप मऊ पडून चित्रासकट निघेल. मऊ, कोरड्या ब्रशने रिवेटकडून फितीकडे धूळ काढा, आणि फीत जुनी असेल तर पंखा पूर्ण उघडू नका.