करवंटीची डवली, नववीची पुस्तकं

हे खर्र खर्र ऐकू येतंय ना, तो पॉलिश पेपर आहे, करवंटीवर. शनिवारी शाळा सुटली की व्हरांड्यात दहा-बारा पोरं बसतात, प्रत्येकाच्या मांडीवर एक करवंटी आणि तासभर नुसतं घासणं. आधी ६० नंबर, त्याने वरच्या शेंड्या निघतात, मग १२०, मग ४००, आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवला की कालपर्यंत चुलीत जाणारी करवंटी अशी काळीभोर चमकते की बघत राहावं. "बाई, हात दुखूक लागले" म्हणतात आणि घासतच असतात.

ह्याची होते डवली, म्हणजे आमटी-भात वाढायचा डाव. बांबूची दांडी बसवायची, झालं. भोक पाडायचं काम मोठ्यांचं, ड्रिल आम्ही मुलांच्या हातात देतच नाही.

ह्या डवल्या आम्ही विकतो, त्या पैशातून नववीत जाणाऱ्या पोरांची पुस्तकं येतात. शिक्षण फुकट आहे ना, मग पैसे कशाला, असं बरेच जण विचारतात. फुकट आहे, पण २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत. तोवर पुस्तकं शाळेतून, दुपारचं जेवण शाळेत. नववीत गेलं की पुस्तकं विकत, हायस्कूल दुसऱ्या गावात. मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो तो फार मोठा आधार आहे, मुलग्यांना मात्र सवलतीच्या पासलाही पैसे मोजावे लागतात. आणि हा खर्च येतो कधी, तर जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर किनाऱ्याला, मासेमारी बंद, खलाशाच्या घरात नेमका तेव्हाच पैसा नसतो.

पहिल्या वर्षी आम्ही गणपतीला चाकरमानी येतात म्हणून श्रावणात डवल्या केल्या, नीट वाळल्या नाहीत, सगळ्यांवर बुरशी. पोरं रडकुंडीला आली. आता थंडीत करतो, उन्हात वाळवतो आणि मे महिन्यात स्टॉल लावतो, म्हणजे जूनला पैसे हातात.

किंमत मुलंच ठरवतात, हिशोबाची वहीपण त्यांचीच. मागच्या मेमध्ये एक पाहुणे म्हणाले, गरीब मुलांना मदत म्हणून दोन घेतो. आमची सातवीतली पोरगी पटकन म्हणाली, "काका, डवली बरी आसा म्हणून घेवा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्यांनी हातात घेऊन नीट बघितली आणि चार घेतल्या.

हा बघा, ह्याने आपली डवली दप्तरात टाकली. "ही इकूची नाय, आवशीक देतलंय." आईला द्यायचीय त्याला.

वहीत एक डवली कमी लिहिली.