इंजिनाचं बिऱ्हाड

(सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी माझी ओळख करून देताना सरांनी बरंच काही सांगितलं. पण नोकरीत मी करतो काय, तर पंपांची सील का गळतात ते बघतो. त्यावर बोललो तर तुम्ही जेवणाआधीच झोपाल. म्हणून आज दुसरी गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियात माझ्या घरामागच्या गॅरेजमध्ये मी भंगारातल्या लेक्ससचं, म्हणजे टोयोटाच्या आलिशान गाडीचं, इंजिन एका जुन्या वोल्वो स्टेशन वॅगनमध्ये बसवलं. शनिवार-रविवार धरून साडेतीन वर्षं लागली. बायकोच्या हिशेबाने चार.

स्टेशन वॅगन म्हणजे जिचं छत थेट मागच्या दारापर्यंत लांबवलेलं असतं ती गाडी. आपल्याकडे ही जात फारशी रुजली नाही. पुण्यात बनणारी टाटा इस्टेट तुमच्या वडिलांना आठवत असेल. स्वीडनच्या वोल्वोची २४० मालिका १९७४ ते १९९३ अशी जवळजवळ वीस वर्षं निघाली. गाडी दिसायला फळकुटं ठोकून केलेल्या पेटीसारखी, पत्रा जाड, बंपर पुढे आलेले. अमेरिकेत प्राध्यापक आणि लेकुरवाळी माणसं ती चालवायची. तिचं इंजिन लोखंडी ब्लॉकचं, चार सिलिंडरचं, लाल रंगवलेलं. मरत नाही, पण पळतही नाही. माझी गाडी १९८८ ची. कागदावर ताकद ११४ हॉर्सपॉवर. घाटात मागून ट्रकवाले हॉर्न द्यायचे.

आता दुसरी बाजू. १९८३ साली टोयोटाचे प्रमुख एइजी टोयोडा यांनी आपल्या माणसांना विचारलं, जगातल्या सर्वोत्तम गाड्यांना आव्हान देईल अशी गाडी आपण करू शकतो का? त्यातून १९८९ मध्ये लेक्सस एलएस ४०० बाहेर पडली. मुख्य अभियंता होते इचिरो सुझुकी. त्यांनी आवाजाबद्दल एक नियम घालून दिला होता: आवाज झाकायचा नाही, जिथे उगम पावतो तिथेच संपवायचा. म्हणजे इंजिन थरथरतंय म्हणून बोनेटखाली नमदा कोंबायचा नाही, इंजिनच थरथरणार नाही असं करायचं. त्यांनी जाहिरातही तशीच केली. गाडी रोलरवर जोरात पळतेय, बोनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचलाय आणि एक थेंब सांडत नाही.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण माझ्या सगळ्या उद्योगाला जागा मिळाली ती याच नियमामुळे. एखाद्या गाडीचा मऊपणा तिच्या गालिच्यात आणि रबरात असेल, तर इंजिन उचलून दुसरीकडे नेल्यावर तो मागेच राहतो. इथे तो इंजिनातच होता, म्हणून तो माझ्या पेटीत आला. इंजिनाचं नाव १यूझेड-एफई. ३९६९ सीसी, व्ही आकारात आठ सिलिंडर, बत्तीस व्हॉल्व्ह, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, फोर्ज केलेला क्रँक. सुरुवातीच्या गाड्यांत २५० हॉर्सपॉवर. आठ सिलिंडर म्हणजे वजन दुप्पट असं तुम्हाला वाटेल. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने तसं होत नाही.

भंगारातून इंजिन निवडताना एकच सांगतो: मागून ठोकर बसलेली गाडी शोधा. विमा कंपनी तिला निकालात काढते, मागचा भाग चेपलेला असतो आणि पुढचं इंजिन अपघाताच्या क्षणापर्यंत सुखाने चालत असतं. उलट नुसतीच 'बंद पडलेली' म्हणून आलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी नको. मला १९९१ ची एक मिळाली, डिकी पार मागच्या सीटपर्यंत आत गेलेली. भंगाराच्या आवारात आपले पाने आपण न्यायचे आणि आपला माल आपण खोलायचा. इंजिनासोबत मी गिअरबॉक्स, कॉम्प्युटर आणि सगळं वायरिंग घेतलं. वायरिंग मात्र कापून नाही, टोकाटोकाचे प्लग सोडवून. दोन दिवस गेले. शेजारच्या गाडीवर एक पोरगा करवतीने वायरी कापत होता, त्याला माझी गंमत वाटत होती. कापलेली वायर दहा मिनिटांत हातात येते, पण ती कुठून कुठे जाते हे शोधायला पुढे दहा महिने जातात.

बसेल का, हा पहिला प्रश्न. बसतं, आणि त्यामागे एक मजेशीर कारण आहे. वोल्वोने ह्याच सांगाड्यावर २६० नावाची महागडी बहीण काढली होती. तिच्यात प्युजो, रेनो आणि वोल्वो या तिघांनी मिळून केलेलं व्ही-६ होतं. ते इंजिन मुळात व्ही-८ म्हणून आखायला घेतलं होतं, म्हणून त्याच्या दोन ओळींमध्ये ९० अंशांचा कोन राहिला. म्हणजे बोनेटखाली रुंद इंजिनाची जागा १९७४ पासूनच राखून ठेवलेली होती. नट आणि शर्यतपटू पॉल न्यूमनने फोर्डचा व्ही-८ वोल्वोच्या वॅगनमध्येच बसवून घेतला होता. माझ्यासारखे वेडे आधीही होऊन गेलेत, याचा पुरावा म्हणून हे नाव मी घरी अनेकदा वापरलं आहे.

चेन पुलीने इंजिन उचललं आणि आत सोडलं. दोन तासांचं काम. मला वाटलं, झालं. खरं तर तिथे सुरुवात झाली. आपण भाड्याने खोली देतो तेव्हा माणूस एकटा येत नाही, त्याचं बिऱ्हाड येतं. पाण्याची वेळ, कचऱ्याची बादली, रात्रपाळीचा मेहुणा. इंजिनाचंही तसंच आहे. त्याला पेट्रोल अमुक दाबाने लागतं, उष्णता बाहेर काढायला वाट लागते, कॉम्प्युटरला सतत बातम्या लागतात. लेक्ससमध्ये हे सगळं कुणीतरी आधीच जुळवून ठेवलेलं होतं. आपण बोल्ट सोडवतो तेव्हा ते जुळवलेलं सगळं तुटतं, आणि काय काय तुटलं हे एकेक करून कळत जातं.

पहिला धक्का चेंबरचा. म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. वोल्वोचा क्रॉस मेंबर, म्हणजे सांगाड्याची आडवी पट्टी, मध्ये येत होता, म्हणून चेंबर कापून नवा आकार वेल्डिंगने जोडला. अ‍ॅल्युमिनियमवर वेल्डिंग मी स्वतः केलं असतं तर आज इथे तेल गळत उभा असतो. ते काम जाणकार माणसाला दिलं. फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर आणि लोखंड, नव्याने केलं. लेक्ससच्या गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि वोल्वोचा मागचा शाफ्ट जोडून बॅलन्स करून घेतला. या तिन्ही गोष्टी कुठलाही चांगला फिटर करतो. मी त्यावर वेळ घालवत नाही.

एका जागी मात्र थांबतो, कारण तुमच्यापैकी कुणी हे इंजिन हातात घेतलंच तर मला दुवा द्याल. या इंजिनाचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, बाजूला लावलेला नाही. तो दोन ओळींच्या मधल्या दरीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली पुरलेला आहे. नॉक सेन्सर, म्हणजे इंजिनातले ठोके ओळखणारा सेन्सर, तोही तिथेच. इंजिन जमिनीवर असताना हे बदलणं म्हणजे संध्याकाळचं काम. गाडीत बसल्यावर तेच काम करायचं तर अर्धं इंजिन पुन्हा खोला. सेल्फ चालत होता म्हणून मी तो तसाच ठेवला. चार महिन्यांनी तो गेला. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप मात्र शहाणपणाने आधीच बदलले होते. ते समोरच असतात, म्हणून डोळ्यांना दिसतात. शहाणपण आपल्याला बहुतेक वेळा दिसणाऱ्या गोष्टींपुरतंच असतं.

आणखी एक. या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा पंप म्हातारा झाला की गळतो आणि ते तेल थेट खालच्या अल्टरनेटरवर, म्हणजे गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्रावर, पडतं. लोक अल्टरनेटर बदलत राहतात. विजेच्या तक्रारीचं मूळ तेलात आहे हे लक्षात यायला वेळ लागतो.

आता वायरिंग. वर्ष-दीड वर्ष फक्त यात गेलं. जेवणाच्या टेबलावर चार्ट पसरलेला असायचा, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. ८० च्या दशकातल्या कित्येक वोल्वोंच्या इंजिनाच्या वायरींचं आवरण कुजून भुगा होतं, हा त्या गाडीचा प्रसिद्ध आजार आहे. माझं ते सगळं वायरिंग तसंही फेकायचंच होतं, तेव्हा एक आजार आपोआप बरा झाला. लेक्ससचा कॉम्प्युटर मात्र भारी संशयी. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन्ही तो एकटाच सांभाळतो. मी हौसेने हाताचा गिअर लावला असता तर तो रोज 'माझा गिअरबॉक्स कुठे आहे' म्हणून रडत बसला असता. म्हणून त्याचाच गिअरबॉक्स ठेवला. नंतरच्या वर्षांत चावीत चिप आली, चिप ओळखल्याशिवाय कॉम्प्युटर इंजिन चालू करत नाही. ९१ च्या गाडीत ती भानगड नव्हती. जुनं घ्या, असं मी सांगतो ते यासाठी.

स्पीडोमीटरचं काय होणार याची धास्ती होती. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून केबल येते. गिअरबॉक्स बदलला की काटा मेला. पण १९८६ पासूनच्या २४० मध्ये वोल्वोने वेगाचा सेन्सर मागच्या अ‍ॅक्सलवर, डिफरन्शिअलच्या झाकणात बसवला होता. पुढे काहीही बदला, मागची चाकं फिरतायत तोवर काटा खरं बोलतो. ज्याने हा निर्णय घेतला त्याच्या मनात माझ्यासारखा गिऱ्हाईक नक्कीच नसणार. त्याला बहुधा लांबलचक केबलचा वैताग आला असेल. पण चाळीसेक वर्षांनी परक्या माणसाचं एक महिन्याचं काम त्याने वाचवलं.

पहिल्यांदा चावी फिरवली तो दिवस सांगतो. सेल्फ फिरला, इंजिनाने धडाक्यात दम घेतला आणि मी आनंदाने चावी सोडली. इंजिन बंद. पुन्हा तेच. चावी धरून ठेवली की चालतं, सोडली की मरतं. मी प्लग काढले, दोन्ही डिस्ट्रिब्यूटर काढले (या इंजिनाला दोन आहेत), पेट्रोलचा दाब तपासला. तीन बारच्या आसपास, अगदी जसा हवा तसा. दोन आठवडे गेले. मग चार्टवर बोट ठेवून वाचलं. सेल्फ मारताना पेट्रोल पंपाला वीज एका वाटेने मिळते आणि इंजिन सुरू झाल्यावर दुसऱ्या वाटेने. इंजिन फिरतंय अशी खात्री पटली की कॉम्प्युटर रिलेमार्फत पंप चालू ठेवतो. इंजिन थांबलं की पंपही थांबतो, म्हणजे अपघातात फुटलेल्या पाइपमधून पेट्रोल ओतत राहत नाही. ती दुसरी वाट मी जोडलीच नव्हती. एक वायर. मी दाब मोजत होतो तोही चावी धरूनच, म्हणून तो दर वेळी बरोबर यायचा. तुम्ही प्रयोगशाळेत मोजमाप करता ना, तेव्हा आधी बघा की बिघाड होतो त्याच क्षणी मोजताय का.

कायद्याचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात इंजिन बदलता येतं, पण नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्याच्या मूळ गाडीतली धूर स्वच्छ करणारी सगळी यंत्रणा सोबत यायला हवी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, सगळं. ८८ च्या गाडीत ९१ चं इंजिन चालतं. ९३ च्या वोल्वोत हेच इंजिन चाललं नसतं. सरकारने नेमलेला तपासनीस एकेक नळी बघतो आणि मग गाडीवर लेबल चिकटवतो. मला हा नियम आवडतो. तो 'बदलू नका' म्हणत नाही, 'बिऱ्हाड पुरतं आणा' म्हणतो. आपल्याकडे परवानगीशिवाय गाडीत असे बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यामुळे इथून घरी जाऊन वडिलांच्या गाडीचं बोनेट उघडू नका. आधी आरटीओ.

तरी आपल्या भागाला यातलं काही नवीन नाही. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन घालणारे मिस्त्री आपल्याकडे गावोगाव होते. आणि वडापची, म्हणजे गावोगाव माणसं भरून नेणारी, ट्रॅक्स जीप आठवा. पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजकडून परवाना घेऊन जे डिझेल इंजिन बनवलं, ओएम ६१६, ते मूळचं मर्सिडीज २४०डी या मोटारीचं. टपावर हरभऱ्याची पोती, आत सोळा माणसं, आणि बोनेटखाली जर्मन सेदानचं काळीज. लहानपणी मी तासगावला त्यातूनच जायचो. आलिशान गाडीचं इंजिन सामानाच्या गाडीत घातलं म्हणून अमेरिकेत लोक माझं कौतुक करतात, तेव्हा मला ती पोती आठवतात.

एक शेवटचा प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला होता, गाडी आता कशी चालते? सिग्नलला उभी असताना इंजिन चालू आहे की नाही ते कळत नाही. दोनदा मी चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारलाय आणि दात किरकिरल्याचा आवाज ऐकून ओशाळलोय. ब्रेक वोल्वोचेच आहेत, चारही चाकांना डिस्क. एसी अजून चालत नाही. लेक्ससचा कॉम्प्रेसर आणि वोल्वोच्या नळ्या यांचं अजून जमलेलं नाही.

वायरिंगचे मूळ चार्ट आणलेत, मागच्या टेबलावर ठेवतो. बघा, फोटो काढा. फक्त भजी खायच्या आधी हात लावा, माझ्याकडे एकच प्रत आहे.