आवणी आणि फर्स्ट शिफ्ट

(लघु माहितीपटाचं निवेदन)

दृश्य: पहाटेचे सव्वापाच. महामार्गावरचा फाटा. पाऊस.

जुलै महिना आहे. इगतपुरीचा पाऊस, छत्री उघडून उपयोग नाही. फाट्यावर दोन घोळके उभे आहेत. टपरीच्या पत्र्याखाली पोरं आहेत, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, पायात जड सेफ्टी शूज. यांना सातची फर्स्ट शिफ्ट गाठायची आहे, कंपनीची बस येईल. रस्त्याच्या पलीकडं बायका आहेत, डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ. या आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला निघाल्यात. त्यांना न्यायला पिकअप येईल.

तासभर कॅमेरा लावून उभं राहिलो तेव्हा एक गोष्ट दिसली. टपरीखालचा एक पोरगा रस्ता ओलांडून आला, खोळीतल्या एका बाईच्या हातात डबा दिला आणि पळत परत गेला. ती त्याची आई. गावात तिला सगळे मावशी म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

दृश्य: धावत्या गाडीतून महामार्ग. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे. दोन्ही बाजूंना शेड, मधेच हिरवी खाचरं.

नाशिक आणि गाड्या हे नातं जुनं आहे. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूरच्या शेतांचे प्लॉट झाले. तिथल्या महिंद्राच्या कारखान्यातून बोलेरो निघाली, 2002 साली स्कॉर्पिओ निघाली. इगतपुरीत इंजिनं बनतात. गाडीत सुटे भाग असतात हजारो, आणि गाडीवर ज्या कंपनीचं नाव असतं ती त्यातले थोडेच स्वतः बनवते. बाकीचे आणते पुरवठादारांकडून. कुणी रबराचे पाइप, कुणी वायरिंगचे जुडगे, कुणी पत्र्याचे दाबलेले भाग. गाडी जुळवण्याच्या लाइनला माल वेळेवर लागतो, साठवून ठेवायला जागा कुणी अडवत नाही. म्हणून पुरवठादारही जवळच जागा शोधतात. गाडीचा कारखाना एकटा येत नाही, तो गोतावळा घेऊन येतो. सातपूर, अंबड भरलं आणि हा गोतावळा महामार्गानं घाटाकडं सरकत आला. आता तो भाताच्या खाचरांत उभा आहे.

दृश्य: भिंत. अलीकडं चिखलात वाकलेल्या बायका. पलीकडं निळ्या पत्र्याची लांबलचक शेड.

हे खाचर अण्णांचं. भिंतीपलीकडचंही त्यांचंच होतं, दोन एकर, रस्त्याला लागून.

इगतपुरी तालुक्याला जमीन देणं नवीन नाही. 1916 साली दारणा धरण झालं. मग वैतरणा, मुकणे, भावली. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, मुकण्याचं नाशिकला. मग महामार्ग रुंद झाला. मग 701 किलोमीटरचा समृद्धी आला. त्याचा शेवटचा तुकडा, इगतपुरी ते आमणे, 5 जून 2025 रोजी सुरू झाला. इथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो जमिनीचे गट नंबर नाही सांगत, कशात गेली ते सांगतो. ही धरणात गेली, ती रस्त्यात गेली, ही कंपनीत गेली.

दृश्य: अण्णांच्या घराची ओटी. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद निघतात.

हे कागद नीट बघा. एमआयडीसीसाठी जमीन जाते ती 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमानं. आधी त्या क्षेत्राला कायद्याचं सहावं, भूसंपादनाचं प्रकरण लागू होतं. गावात याला म्हणतात, शिक्का पडला. मग येते कलम 32 पोटकलम 2 ची नोटीस: तुमची जमीन का घेऊ नये, म्हणणं मांडा. मग सुनावणी, मोजणी. मग 32 पोटकलम 1 ची अधिसूचना राजपत्रात छापून येते आणि त्या दिवसापासून जमीन शासनाची. ताबा देण्याचा आदेश निघाला की मुदत तीस दिवस. दर वाटाघाटीनं ठरला तर करारानं मोबदला, नाहीतर पुढं कोर्टकज्जे.

हा झाला सरकारी रस्ता. दुसरा रस्ता थेट खरेदीचा. अण्णांच्या दारात दलाल आला तो दुसऱ्या रस्त्यानं. पण त्यानं पहिल्याची भीती घातली: आत्ता द्या, शिक्का पडला तर आमच्या हातात काही राहणार नाही. हे वाक्य या पट्ट्यात आम्ही तीन गावांत ऐकलं, तीन वेगवेगळ्या ओट्यांवर, जवळजवळ त्याच शब्दांत.

सातबाऱ्यावर तीन भावांची आणि दोन बहिणींची नावं. पाच सह्या झाल्या. पैसे पाच ठिकाणी गेले. एका भावानं नाशिकला फ्लॅट घेतला, एकानं घोटीजवळ शेत घेतलं, दोन्ही बहिणींच्या वाट्याचं त्यांच्या घरी गेलं. अण्णांनी खोल्या बांधल्या.

दृश्य: पत्र्याच्या खोल्यांची रांग. एका दारासमोर नऊ जोड सेफ्टी शूज.

खोली दहा बाय दहा. नऊ जोड बूट म्हणजे नऊ माणसं. ती एकाच वेळी आत नसतात, शिफ्ट वेगळ्या. फर्स्टची पोरं उठतात तेव्हा नाइटची झोपायला येतात, अंथरूण गरमच राहतं. बिहारची आहेत, उत्तर प्रदेशची आहेत, जळगाव, परभणीचीही आहेत. गावात आलेला कारखान्याचा पैसा तुम्हाला इथं दिसेल: खोल्यांचं भाडं, कोपऱ्यावरची खानावळ, रिचार्जचं दुकान, दोन टेम्पो, पाण्याचे जार. अण्णांची सूनबाई रोज चाळीस डबे करते. हातात स्वतःचा पैसा पहिल्यांदाच आला, असं ती म्हणाली तेव्हा चेहरा खुलला होता. ते खरं आहे आणि ते या फिल्ममध्ये असायलाच हवं.

दृश्य: मावशी, खाचरात. हात जवळून.

आता मावशींचे हात बघा. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. पहिल्या पावसात त्या राखेवर बी पडतं. तीनएक आठवड्यांनी रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, आणि गाळात उभं राहून चार-चार काड्या अंगठ्यानं आत दाबत मागं सरकायचं. ओळ दोरी न लावता सरळ येते. पाय सोलवटतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ही इंद्रायणी आहे. शिजताना हिचा वास शेजारच्या घरात जातो.

भिंतीपलीकडच्या दोन एकरांवर मावशींनी वीसहून जास्त आवण्या केल्या. लग्न होऊन आल्यापासून. ती जमीन गेली तेव्हा पाच सह्या झाल्या, सहावी नव्हती. सातबाऱ्यावर नाव असलं की मोबदला. कुळाच्या रकान्यात नाव असलं तरी काही दावा सांगता येतो. आदिवासीची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, तेवढं संरक्षण कायद्यात आहे. पण दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाला कागदावर रकानाच नाही. दोन एकरांची आवणी, निंदणी, कापणी, झोडणी, म्हणजे या घराची वर्षाची जी हमखास मजुरी होती ती गेली. गेली म्हणून कुठं नोंद झाली नाही. आता पिकअप नेईल तिकडं जायचं, त्र्यंबककडं किंवा गिरणाऱ्याकडं, जिथं मजुरांचा बाजार भरतो.

दृश्य: कंपनीच्या गेटसमोर पोरांची रांग. ओळखपत्र जवळून.

मग पोराला तर काम मिळालं ना, असं कुणीही म्हणेल. मिळालं. आयटीआय केलेला आहे, वेल्डरचा ट्रेड. ओळखपत्र वाचा. वर ठेकेदाराचं नाव आहे, खाली मुदत आहे. मुदत संपली की कार्ड जमा, मग दुसरा ठेकेदार, दुसरं कार्ड, पुन्हा पहिल्या दिवसापासून.

स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या हे शासनाचं धोरण आहे. गावातल्या प्रत्येक सभेत ते ऐकायला मिळतं. त्यात स्थानिक म्हणजे कोण, तर महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेला. चंद्रपूरचा माणूसही गोंद्यात स्थानिक आणि ज्याच्या घरासमोर भिंत आली तोही स्थानिक. चंद्रपूरच्या पोरालाही पोट आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण गावाला वाटतं 80 टक्के म्हणजे आपण. तसं त्यात कुठंही लिहिलेलं नाही, आणि ते लिहून घ्यायची वेळ जमीन देण्याआधीची असते. नंतर नाही. ज्या गावांत अजून मोजणी व्हायची आहे त्यांच्यासाठी हे दोनदा सांगतो: आधी. लेखी. आणि त्या यादीत सातबारा नसलेल्या घरांची नावं.

दृश्य: खाचराचा बांध. साचलेलं पाणी.

खाचरं पायरीसारखी असतात, वरचं भरलं की बांधाच्या तोंडातून पाणी खालच्यात उतरतं. भिंतीखाली मुरमाचा भराव पडला, ते तोंड बुजलं, आणि अण्णांच्या उरलेल्या खाचरात आता रोपं कुजतात.

दृश्य: दुपारचे साडेचार. पाऊस उघडलाय. बस फाट्यावर थांबते.

फर्स्ट शिफ्ट सुटली. पोरगा उतरला. घरी न जाता सरळ अण्णांच्या खाचरावर आला. आज माणसं कमी पडली होती, अर्ध्या रोजाचं बोलणं झालं होतं. बूट काढून बांधावर ठेवले, मोजे आत कोंबले, ओळखपत्र काढून एका बुटात टाकलं. पँट गुडघ्यावर दुमडली.

मावशी म्हणाल्या, "आरं, आधी चार घास खा."

"लावून घेऊ, आई. उजेड हाय तवर."

(इथून पुढं निवेदन नाही. नैसर्गिक आवाज: गाळातले पाय, भिंतीपलीकडचा प्रेसचा ठोका.)