वाटीतलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी जुलैत मी कुडाळहून कोकणकन्येनं मुंबईला परतले, तेव्हा माझ्या मांडीवर एक डबा होता. डब्यात भाताचं तूस आणि तुसात १२ गावठी अंडी. ती भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत उबवायची होती. कोंबडीशिवाय, विजेच्या यंत्रात.

आधी एक खुलासा, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी तो मला जिन्यात अडवून अडवून विचारला. दुकानातली पांढरी अंडी का नाही घातली? तर त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. ती अंडी महिनाभर उबवली तरी घरात वास सुटण्यापलीकडे काही होणार नाही. अंडं कोंबड्यासोबत फिरणाऱ्या कोंबडीचं हवं, आठवड्याच्या आतलं हवं, आणि धुतलेलं नको. गाडीत हादरे बसलेली अंडी लगेच यंत्रात घालू नयेत, म्हणून मी ती टोकदार बाजू खाली करून दिवसभर नुसती ठेवून दिली.

यंत्र म्हणजे काय, झाकणाची पेटी. आत ऊब देणारी तार, छोटा पंखा, तळाला पाण्यासाठी खाचा. तापमान ३७.५ अंश. आपल्या ताप बघायच्या थर्मामीटरवर ९९.५. मी तो आत ठेवून यंत्राचा आकडा पडताळला, तुम्हीही पडताळा. दर अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढला आणि दिवसातून तीनदा अंडी उलटली. तीनदा अशासाठी, की रात्रभर वर राहणारी बाजू रोज बदलते. उलटलं नाही तर आतला जीव वर तरंगत जाऊन कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. घोळ झाला तो पाण्यात.

यंत्रासोबतच्या कागदावर लिहिलं होतं, खाचा पाण्यानं भरा. मी भरल्या. रोज भरत होते. आईशी फोनवर बोलताना सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "कोंबडी काय पाण्याची वाटी घेवन बसता गो?"

मी हसले. पण दहाव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक अंडं ठेवलं आणि हसू आटलं. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडायला हवं. अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण १२ टक्के घटावं लागतं. ४८ ग्रॅमचं अंडं असेल तर सहाएक ग्रॅम. तेवढी हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. माझं अंडं दहा दिवसांत तीनएक ग्रॅमनं उतरायला हवं होतं, ते दीडच ग्रॅम उतरलं होतं.

मुंबईची जुलैतली हवा ३० अंशांची आणि ८५ टक्के ओली. तापलेल्या हवेत पाणी जास्त मावतं, म्हणून ती ३७.५ वर नेली की तीच ओल ५५ टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणजे पहिल्या अठरा दिवसांना लागते तेवढी ओल खिडकीतून फुकट येत होती, आणि वर मी पाणी ओतत होते! खाचा कोरड्या केल्या. हिवाळ्यात मात्र पाणी लागेल, तेव्हा हवा कोरडी असते.

सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर अंडी बघितली होती. आई लहानपणी कौलातून येणाऱ्या तिरिपेवर मुठीत धरून बघायची, तसंच. तीन अंडी अगदी नितळ निघाली, एकात रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे जीव धरून थांबलेला. ती चार बाजूला काढली. उरलेल्या आठांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मधे हलणारा ठिपका. त्या रात्री मी तीनदा उठून बघितलं, हे कबूल करते. मधे एकदा तासभर वीज गेली, तेव्हा यंत्रावर गोधडी टाकली आणि झाकणाला हात लावला नाही.

अठराव्या दिवशी उलटणं बंद, आणि आता खाचांत पाणी. बाहेर येताना पापुद्रा वाळला तर पिल्लू त्यात अडकतं, म्हणून शेवटच्या तीन दिवसांत ओल ६५-७० टक्के लागते. विसाव्या दिवशी बंद अंड्यातून चिवचिव ऐकू आली. संध्याकाळी एका कवचाला टोचा पडला आणि मग रात्रभर काहीच नाही. मुलगा चिमटा घेऊन उभा! मी तो काढून घेतला. त्या वेळी पापुद्र्यात रक्त खेळत असतं, पोटात बलक ओढला जात असतो. सोलायला गेलो तर पिल्लू रक्तानं जातं. टोचा पडल्यापासून बाहेर यायला चोवीस तासही लागतात.

आठांतून पाच आली. उरलेली तीन मी तेविसाव्या दिवशी फोडली. दोन पिल्लं पूर्ण वाढलेली, फुगलेली, चोच ओल्यात बुडालेली. ते पाणी माझ्या हातचं होतं.

पाचांना खोक्यात बल्बखाली ठेवलं. पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. ऑगस्टच्या मध्याला बल्ब लागेनासा झाला आणि भावाच्या टेम्पोतून पिल्लं कुडाळला गेली. तीन कोंबडे निघाले, दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या. त्यातली एक यंदा खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला लागली. आईनं तिला पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत नऊ अंड्यांवर बसवली. मी फोनवर विचारलं, "आई, तिच्याखाली ऊब किती असेल गं?"

आईनं फोन ठेवून दिला.