भट्टीत जाणारा दरवाजा

पहाटेचे तीन वाजलेत. बाहेर गल्ली झोपलेली आणि आत हा कारागीर भट्टीत लाकूड टाकतोय. काय टाकतोय ते नीट बघा. जुन्या दरवाजाची फळी आहे ती, खिळे तसेच, निळा ऑइलपेंटपण तसाच. मुंबईत इमारती पडतात, फर्निचर मोडतं आणि ते लाकूड भंगारवाल्याकडून बेकरीत येतं, कारण जळाऊ लाकडापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं.

आता ही भट्टी. विटांची घुमटी, पुढे एकच तोंड. आधी आतच जाळ करायचा, विटा चांगल्या तापल्या की निखारे बाजूला ओढायचे, ओल्या पोत्यानं तळ पुसून घ्यायचा आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सरकवायचे. पाव भाजतो तो जाळावर नाही, विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर. भट्टी झाली की नाही हे कारागीर तोंडाशी हात धरून सांगतो. आपल्या वडापावची लादी इथून निघते, हे कसब साधं नाही.

बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत मुंबईतल्या ४७ टक्के बेकऱ्या लाकडावर चालणाऱ्या निघाल्या, एका बेकरीला दिवसाला सरासरी १३० किलो लाकूड. रंग, वॉर्निश, प्लायवुडचा गोंद, सगळ्याचा धूर आधी कारागिराच्या छातीत, मग वरच्या मजल्यावर.

९ जानेवारी २०२५ला हायकोर्टानं सांगितलं, सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर या. महापालिकेच्या नोटिसा निघाल्या, मुदत होती ८ जुलै २०२५. बरोबरच आहे. पण गल्लीत गॅसची लाइनच नसेल तर, जागा भाड्याची असेल तर, आणि ओव्हनचे लाखो रुपये ज्याचा धंदा रोजच्या पावावर चालतो त्यानं एकदम आणायचे कुठून? स्वस्त कर्ज, गॅसचं कनेक्शन आणि कारागिराला ट्रेनिंग, हे नोटिशीच्या सोबतच दारात यायला हवं.

ही दुसरी बेकरी. ट्रेची अख्खी ट्रॉली ओव्हनमध्ये जाते, गोल फिरते, काचेतून पाव फुगताना दिसतोय बघा. सुरुवातीला वरून करपायचा, म्हणतात इथले कारागीर, मग पीठ जरा सैल भिजवायला लागले तेव्हा जमलं.

जुनी भट्टी पाडलेली नाही. तिच्या तोंडाशी आता रिकाम्या ट्रेंची चळत लावलीय.