लाइट रात्री दहाला येते
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: अंधार. लांबवर बॅटरीचा एकच उजेड हलतोय.)

रात्रीचे नऊ वाजून पन्नास मिनिटं. परभणी जिल्हा, जिंतूरच्या बाजूचं एक गाव. पौषाचा पहिला आठवडा आहे. चंद्रकोर केव्हाच मावळली. गहू पोटरीत आलाय. या दिवसांत पाणी चुकलं तर ओंबी बारीक राहते, म्हणून आज बारं द्यायलाच हवं.

ज्यांच्या मागून आपण चाललोय, ते दादा पहाटे साडेपाचला धारा काढायला उठले होते. सोळा तास उलटून गेलेत. मुख्य काम आता सुरू होणार आहे.

(दृश्य: स्टार्टरची पेटी. दिवे लागतात.)

लाइट आली.

शेतीपंपांना आठ तास वीज मिळते, आणि तीही आळीपाळीनं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा सगळ्यांच्याच मोटरी एकदम चालू झाल्या तर भार पेलवत नाही, म्हणून तो असा वाटून दिलाय. भाराचा हिशेब बरोबर आहे. त्यात माणसाच्या झोपेचा रकाना मात्र नाही.

(दृश्य: विहिरीवरची मोटर, पाइप, दंडातून येणारं पहिलं पाणी.)

हे पाणी नीट बघा. कोरड्या दंडातून आधी काडीकचरा पुढे येतो, मग फेस, मग पाणी. दादा अनवाणी आहेत. गमबूट चिखलात रुततो, आणि पाणी कुठवर आलं ते तळपायाला आधी कळतं, असं ते म्हणतात. फावड्यानं एका वाफ्याचं तोंड फोडायचं, तो भरत आला की मातीनं बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. एक वाफा भरायला दहा-बारा मिनिटं लागतात. काळी जमीन, भेगाळलेली. कुठे किती पाणी मुरेल, सांगता येत नाही. मधेच उंदराचं बीळ लागलं तर सगळं पाणी धुऱ्याखालून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात, आणि सकाळी भांडण. म्हणून ऑटो स्विच बसवला असला तरी घरी झोपून भागत नाही. मोटर आपोआप चालू होते, पण दारं धरायला माणूस लागतोच.

दहा मिनिटं बसायचं, उठायचं, दोन मिनिटं फावडं चालवायचं, पुन्हा बसायचं. झोपेला घेरायला याहून सोयीची जागा नाही.

(दृश्य: धुऱ्यावर उकिडवे बसलेले दादा. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी. घड्याळात दोन चाळीस.)

हा तुकडा आम्ही कापलेला नाही. डोळे उघडे आहेत. बॅटरी हातात आहे. पाणी वाफ्याच्या काठावरून पलीकडे जातंय आणि ते त्याच्याकडेच बघतायत. चार सेकंद. मान खाली जाते, झटका बसतो, ते उठतात.

त्या चार सेकंदांत दादा झोपले होते. याला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. माणूस जागा दिसतो, पण मेंदू क्षणभर बाहेरचं काही घेत नाही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. चहा ते रसायन कमी करत नाही, फक्त त्याची जागा थोडा वेळ अडवून धरतो. दुसरीकडे डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वरच्या बाजूला पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. शरीराचं घड्याळ तिथे चालतं आणि ते उजेडावर लावलेलं असतं. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास हे घड्याळ अंग सर्वांत थंड करतं, कारण त्याच्या हिशेबानं आपण गाढ झोपेत असायला हवं. या आठवड्याची लाइट रात्रीची आहे, हे त्याला कोण सांगणार?

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक साधी तुलना केली. सतत 17 तास जागलेल्या माणसाचा हात आणि लक्ष जितकं ढळतं, ते रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकं असतं. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्यानं चालते ती 0.03. दादांनी मोटर लावली तेव्हाच ते सतराव्या तासात होते. थेंबही न पिता. आणि हातात विजेचा स्टार्टर.

(दृश्य: दादा अचानक मागे वळून बघतात. मागे काहीच नाही.)

“हाक मारली का कुणी?” त्यांनी आम्हाला विचारलं. कुणीच मारली नव्हती.

अशी हाक इथे सगळ्यांनी ऐकलेली आहे. बहुतेक वेळा आईच्या आवाजात, आपल्याच नावाची. म्हणून तर सांगतात, रात्री शेतात तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये. जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर मेंदू स्वप्नाचं काम सुरू करतो, पण कान अजून शेतातच असतात. मग आतला आवाज बाहेरचा वाटतो. ज्यांनी तीन हाकांचा नियम घालून दिला, त्यांना हे शब्द माहीत नसतील, पण हाक एकदाच येते हे त्यांनी नीट पारखलं होतं. थांबा, वाट बघा, मगच पाऊल टाका. थकलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगला सल्ला आजही देता येत नाही.

(दृश्य: शेतातल्या आखाड्यावरची शेकोटी. आबा तळहात शेकतायत.)

आबांना तरुणपणी चकवा लागला होता. अवसेची रात्र, शेत पाठ असलेलं, तरी फिरून फिरून त्याच बाभळीपाशी. उजाडल्यावर सुटका झाली. पोरं हसतात म्हणून आबा हल्ली सांगत नाहीत. आम्ही दोनदा विचारलं, तेव्हा बोलले.

हसण्यासारखं त्यात काही नाही. 2009 साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. आभाळ भरलं आणि ती गोल फिरू लागली, तरी आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. वाळवंटात रात्री चालणाऱ्या एकाचा चंद्र ढगाआड गेला आणि तो वळत वळत आल्या दिशेलाच निघाला. आबांची अवस आणि त्याचा झाकलेला चंद्र, गोष्ट एकच. आबांच्या बाबतीत वर दिवसभराचं जागरण होतं.

(दृश्य: तुळजापूर. कापूस पिंजणारे हात, जवळून. हे चित्रण भाद्रपदातलं.)

इथे थोडं थांबू. हा कापूस देवीच्या गादीचा आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, आणि वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उठून शेजघरात पलंगावर निद्रा घेते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोर निद्रा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की कोजागरीपर्यंत श्रम निद्रा, त्यासाठी पलंग नगरहून येतो. आणि शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा.

श्रम निद्रा. नऊ दिवस महिषासुराशी झुंजली, दमली, म्हणून. आपल्या लोकांनी देवीचंसुद्धा जागरण आणि झोप यांचा हिशेब ठेवला. मातीतून कापूस काढणारी, तो वेचणारी माणसं आहेत ही. श्रमानंतर झोप हा मान आहे, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. गाभाऱ्यात कॅमेरा नेता येत नाही, म्हणून आम्ही या हातांपाशीच थांबलो. बघा, सरकी कशी बोटांनी चाचपून बाजूला काढतात. देवीच्या पाठीला खडा टोचू नये.

आज, दादांच्या वाफ्यांत पाणी चाललंय तेव्हा, तुळजापुरात मोह निद्रा सुरू आहे.

(दृश्य: पुन्हा शेत. पहाट. थोडा वेळ निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)

रात्रीच्या पाण्यात साप चावतो, शॉक लागतो, विहिरीच्या काठावरून पाय जातो. हे झाले लगेचचे धोके. लांबचाही एक आहे: रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं आहे.

उपाय नाही असं नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना 2017 साली आली, 2023 साली तिचा दुसरा टप्पा. त्यातला पहिला प्रकल्प मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, 3 मेगावॅटचा, 2024 मध्ये सुरू झाला. ऊन आहे तेव्हाच वीज, म्हणजे बारंही दिवसा. इथल्या गावाला आमची मागणी तेवढीच आहे.

(दृश्य: सकाळचे सव्वासात. ओसरीवर बाज. दादा मफलर डोळ्यांवर ओढतात, झोपेत ती सरकते.)

त्यांच्या पापण्यांकडे बघा. खाली बुबुळं भराभर हलतायत. 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांनी ही हालचाल नोंदवली आणि स्वप्नांच्या झोपेचा माग लागला. या टप्प्यात अंगाचे स्नायू सैल सोडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नातलं पळणं खरोखर पळत नाही. झोपेचं वेळापत्रक मोडलं की कधी कधी जाग आधी येते आणि अंग मागे राहतं. डोळे उघडे, हात हलत नाही, छातीवर ओझं. वहिनी म्हणतात, तसं झालं की यांना दोन दिवस बोलवत नाही. गावात म्हणतात, मुंजा बसला.

उन्हं ओसरीवर आलीत. घड्याळाच्या लेखी आता उठायची वेळ. बाहेर ट्रॅक्टर, पोरांची शाळेची गडबड. उशाशी फोन वाजतो.

वहिनी येतात, फोन उचलून पदराखाली धरतात, आणि पोरांना मागच्या दारानं जायला सांगतात.